घडीवरचं अक्षर

१

बूच मीच काढलं, आणि पोंगळी रिकामी होती.

बांबूची ती हातभर पोंगळी मी उलटी करून झटकली, आत बोट घातलं, उजेडाकडे धरून पाहिली. तळाशी थोडा लाकडाचा भुसा होता, दुसरं काही नाही. मागे झोळीत माझी दहा महिन्यांची इंदू निजली होती. बाहेर ओट्यावर ती पोंगळी आणणारी कोरकू म्हातारी, सुगराय, बसली होती. तिला हे सांगायचं कसं, म्हणून मी पोंगळी पुन्हा एकदा झटकली.

फाल्गुनातला गुरुवार, दुपारची वेळ. आम्ही अमरावतीला अंबागेटच्या आत भाड्यानं राहत होतो. माझे यजमान देवीदास कॉलेजात इतिहास शिकवत. वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर मेळघाटच्या जंगलाचं आणि तिथल्या कोरकू लोकांचं काय झालं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मीही त्याच विषयात बी.ए. झालेली, त्यामुळे त्यांच्या टिपणांतलं निम्मं अक्षर माझं. पोर झाल्यापासून लिहिणं कमी झालं आणि पाहणं वाढलं. कोणाच्या हातात काय आहे, कोणी कुठे काय ठेवलं, जमिनीवर टाचणी तर पडली नाही ना. रांगतं मूल घरात असलं की बाईचे डोळे असे होतात.

पोंगळीतला कागद मेळघाटातल्या सालईढाणा गावाचा. सत्तर वर्षांपूर्वी, तिथलं जंगल नुकतंच राखीव झालं तेव्हा, पहिल्या जंगलसाहेबानं मुनशीकडून तो मोडीत लिहवून घेतला होता आणि खाली आपली मोहोर केली होती. कोरकूंत माणूस मेलं की काही काळानं त्याच्या नावानं सागाचा कोरीव खांब रोवतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार. त्या खांबाला ते मुंडा म्हणतात. मुंडा रोवला नाही तर मेलेला माणूस घराभोवतीच घुटमळत राहतो. दर मयताला मुंड्यासाठी एक साग तोडावा, कोणी अटकाव करू नये, एवढंच त्या कागदात होतं.

सुगरायचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. ह्या हिवाळ्यात गावानं त्याच्यासाठी साग पाडला आणि जंगलखात्यानं ओंडका जप्त केला. सोमवारी डिप्टी कमिशनरपुढे सुनावणी होती. कागद दाखवला तर ओंडका सुटणार होता. नाही दाखवला तर त्याचा लिलाव, आणि पुढे कोणाच्याच नावानं खांब नाही. ह्या सुनावणीसाठीच सुगराय रविवारी आमच्याकडे येऊन राहिली होती. आमच्या भरवशावर पोंगळी तिनं आपल्या हातानं पुढच्या खोलीतल्या फडताळात ठेवली होती.

मी ओट्यावर जाऊन तिला सांगितलं. तिनं पोंगळी हातात घेऊन आत पाहिलं.

"उंदीर?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. बूच गच्च बसवलेलं होतं. उंदीर बूच लावून जात नाही.

२

देवीदास कॉलेजातून आले आणि आम्ही घर उलथंपालथं केलं. धान्याची कोठी, गाद्या, पुस्तकांची फळी, खालच्या कप्प्यातला परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा, सगळं पाहिलं.

"तो कागद हरवणाराच नाही," देवीदास म्हणाले. "सत्तर वर्षं पोंगळीत राहिलेला. पसरला की लगेच गुंडाळी होते त्याची. रविवारी चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या तेव्हा कुठे वाचता आला."

"नक्कल नाही केली?"

"भिंग आणून नीट करणार होतो. मधोमध घडी आहे ना, तिच्यावरची अक्षरं झिजलीत. मुंड्यास हा शब्दच नेमका घडीवर आलाय. सुगरायनं आधी तोंडपाठ म्हणून दाखवलं म्हणून मला लागला."

मी मनात दिवस मोजायला लागले. माझे दिवस इंदूच्या दूधपाण्यानं मोजले जातात, त्यामुळे ते चुकत नाहीत. रविवारी कागद होता. सोमवारी इंदूला बाळगुटी देत असताना गोवर्धन आले होते, देवीदासांबरोबर कॉलेजात शिकवणारे. त्यांना एक पुस्तक हवं होतं. मंगळवारी घरमालक चंद्रभान आले, छपराचे कवेलू फुटलेत का बघायला. त्यांचा लाकडाचा टाल आहे. बुधवारी अकोल्याचे रामराव वकील आले. सालईढाण्याचं काम ते फुकट चालवत होते, आणि कागद येत्या रविवारी सावकाश पाहू म्हणाले होते. तिघांनाही मी पुढच्या खोलीत बसवलं, आणि तिन्ही वेळा इंदू रडली म्हणून आत गेले.

"मालकांचाच उद्योग," देवीदास म्हणाले. "सागाच्या धंद्यातला माणूस."

"कदाचित." मी म्हटलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला सगळ्यांचाच संशय येत होता. बुधवारी देवीदास कधी नव्हे ते उशिरा घरी आले होते, हेही मला आठवलं, आणि आठवल्याची लाज वाटली.

तेवढ्यात ओट्यावरून चंद्रभानांचा चढा आवाज आला.

"काहून वो बाई, कागद तूच त नाई विकला?"

३

सुगराय मोहाची फुलं निवडत होती, ती निवडतच राहिली. चंद्रभान तिला वळसा घालून आत आले आणि ऐसपैस बसले.

"मास्तर, तुमी भोळे. हे जंगली लोक आज तुमच्याजवळ, उद्या दुसऱ्याजवळ. आन् मले एक सांगा, एवढा सागाचा ओंडका मुंडनाले कायले लागते?"

"मुंडनाले?" मी विचारलं.

"व्हय ना! तीन दिवसांपासून हे बाई मुंडा-मुंडा करून राहिली. आमच्यात मामाच्या मांडीवर पोट्टं बसवतात, न्हावी जावळ काढते, झालं. झाड कायले तोडा लागते त्याले?"

हसू दाबण्यासाठी मी चहा टाकायला आत गेले. परतले तेव्हा रामराव वकीलही आलेले. उंच, खर्जातला आवाज, डोक्यावर लाल पागोटं.

"चंद्रभानजी, मुंडन नव्हे, मुंडा," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचा खांब. मी कालच ह्या बाईजवळ अर्धा तास बसून समजून घेतलं. अकोल्यात पंचवीस वर्षं वकिली केली, पण अशिलापेक्षा चांगला साक्षीदार मला कागदात सापडला नाही." मग देवीदासांकडे वळून, आवाज उतरवून, "पण मास्तर, कोर्टाले कागदच लागते. तो नसला त सोमवारी माझे हात बांधलेले आहेत."

गोवर्धन शेवटी आले. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात पुस्तक. ओट्यावर सुगराय पाय पसरून बसली होती, तिला ओलांडून ते आत आले.

"आजच सकाळी अकोल्याहून आलो, वहिनी. मंगळवार-बुधवार सुटी घेतली होती, आईकडे होतो. हे तुमचं पुस्तक. द्यायला येत होतो, तर गल्लीतच कागदाचं कळलं." त्यांनी पुस्तक फळीवर ठेवलं, वाकून खालचा पेपरांचा गठ्ठा जरा सरळ केला. "देवीदास, वाईट वाटून घेऊ नकोस. खरं तर मी माझ्या लेखात हेच म्हटलंय. ह्या लोकांजवळ लेखी हक्क कधी नव्हताच. साहेब लोक तोंडी काहीतरी मेहेरबानी करत, बस. पुढच्या महिन्यात लेख नागपूरला छापून येतोय."

"आणि लेखावरून तुमची दफ्तरखान्यात नेमणूक होणार म्हणे," मी म्हणाले.

"बघू. वरच्यांच्या मनात आहे खरं." ते हसले.

"पण कागद होता हो," देवीदास कळवळून म्हणाले. "मी वाचलाय. तू एकदा पाहिला असतास तर!"

"पाहून काय करणार? मोडी मला कुठे येते? आपलं सगळं इंग्रजी दफ्तरातून." गोवर्धननी चहाचा घोट घेतला. "आणि समजा असला कागद, तरी कोणता साहेब मानेल? लग्नाच्या मांडवासाठी म्हणे सागाचं झाड! उद्या वरातीसाठी वाघ मागतील."

चंद्रभान खो खो हसले. रामराव हसले नाहीत. मी हसले की नाही ते आठवत नाही. मला तेव्हा काहीतरी खुपलं, डोळ्यात कुसळ जावं तसं, पण इंदू उठली आणि ते राहून गेलं.

४

शुक्रवारी सकाळी मी भाकरी थापत होते आणि पुढच्या खोलीत सगळं गप्प होतं. ज्या आईला रांगतं पोर आहे, तिला गप्पपणाइतकी कशाची भीती नसते. मी पिठाच्या हातानं धावले.

इंदू पुस्तकांच्या फळीखाली बसली होती. पेपरांचा गठ्ठा तिनं ओढून पसरला होता, आणि तिचे ओठ, जीभ, हनुवटी सगळं जांभळं झालं होतं.

मी किंचाळले. तोंडात बोट घालून काय आहे ते काढलं, पाणी पाजलं, पाठीवर थापट्या मारल्या. जांभळं खाल्लीत म्हणावं तर फाल्गुनात जांभळं कुठली! सुगरायनं तिला माझ्या हातून घेतलं, तोंड उघडून वास घेतला, आणि शांतपणे म्हणाली, "विख नाई. रंग हाय."

मग मी मुठीतल्या लगद्याकडे पाहिलं. कागदाचा कोपरा होता, जुनकट, पिवळा. बाकीचा कागद पेपरांच्या पसाऱ्यात जमिनीवर पडला होता. मोडी ओळी, आणि खाली गोल मोहोर.

"सापडला!" देवीदास दारातूनच ओरडले. "अगं, गठ्ठ्यातच होता! काल कसा दिसला नाही!"

त्यांनी इंदूला उचलून तिचे जांभळे गाल कुरवाळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मात्र कागदाकडे बघत होते.

तो जमिनीवर सपाट पडला होता. एकही वाटी न ठेवता.

५

"वाचा," मी म्हटलं. "सुगरायसमोर वाचा."

देवीदास ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. फसली सन बाराशे शहात्तर, मौजे सालईढाणा, परगणे मेळघाट. सुगराय ओट्याच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून ओठ हलवत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण हा कागद गावात प्रत्येक मुंडा रोवताना म्हटला जाई. देवीदासांच्या आधी शब्द तिच्या ओठांवर येत होता.

"...सदरहू गावचे लोकांनी दर," देवीदास अडखळले. "दर मांडवास एक सागवान... मांडवास?"

सुगरायचे ओठ थांबले.

"मुंडा," ती म्हणाली.

"इथे तर स्वच्छ मांडवास आहे. रविवारी मीच चुकीचं वाचलं की काय? घडीवरचं झिजलेलं होतं म्हणून..."

"आता कुठे झिजलंय?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. कागदाला मधोमध घडी होती, पण घडीवरची अक्षरं शाबूत होती.

सुगराय उठून उभी राहिली. "हा आमचा कागद नव्हं," ती म्हणाली. रागावली नव्हती. आपलं नसलेलं जनावर दावणीला बांधलेलं पाहून माणूस जसं सांगेल, तसं तिनं सांगितलं.

मी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि कडेच्या एका काळ्या अक्षरावर टेकवलं. बोट जांभळं झालं. बाजारात शाईच्या गोळ्या मिळतात, पाण्यात विरघळवायच्या. दिसायला काळी, भिजली की जांभळी. कॉलेजात माझ्या साड्यांना तिचे डाग पडत. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुनशीची शाई काजळीची. ती असा रंग सोडत नाही.

देवीदासांनी कागद खाली ठेवला. "सोमवारी मी हा कोर्टात दिला असता..."

"आणि सरकारी वकिलांनी बोट ओलं केलं असतं."

"खोटा कागद केला म्हणून मला बेड्या पडल्या असत्या."

"तुम्हाला बेड्या, आणि सालईढाण्याच्या तोंडाला कायमचं कुलूप. मग खरा कागद आणला तरी कोण मानणार?" मी इंदूला कागदापासून लांब घेतलं. "कोणीतरी हा पकडला जावा म्हणूनच केलाय."

६

दुपारभर मी इंदूचे ओठ खोबरेलानं पुसत बसले. रंग निघत नव्हता. पुसता पुसता कालचं कुसळ सापडलं.

"अहो," मी म्हटलं, "काल मालक मुंडन म्हणाले. का?"

"ऐकण्यात चूक झाली. सुगराय मुंडा म्हणते, ह्यांनी मुंडन ऐकलं."

"बरोबर. कानाची चूक. मुंडा कानावर पडला की चुकणारा माणूस मुंडनाकडे जाईल, मुंडीकडे जाईल. मांडवाकडे जाणार नाही."

देवीदास माझ्याकडे बघू लागले.

"मांडव डोळ्याला दिसतो. घडीवर मु चा उकार झिजलेला, पुढचं अक्षर अर्धं. म, ड आणि शेवटी स. ज्याला मुंडा हा शब्दच ठाऊक नाही, तो तिथे काय भरेल? सागाचं लाकूड, खांब, म्हणजे मांडव. ही चूक खरा कागद वाचल्याशिवाय होऊच शकत नाही. ह्या खोट्या कागदात तीच चूक उतरलीय. आणि हा कागद सापडण्याच्या आदल्या संध्याकाळी एका माणसानं वाकून हाच गठ्ठा सरळ केला, आणि आपला चहा पीत तो मांडव म्हणाला."

"गोवर्धन?" ते उठलेच. "काहीतरीच! त्याला मोडी येत नाही!"

"असं तो म्हणतो."

"तो माझा मित्र आहे, दुर्गा. इंदूच्या बारशाला त्यानं पाळणा सजवला होता."

"मला आठवतं. पण लेख कोणाचा छापून येतोय? कोरकूंजवळ लेखी हक्क कधी नव्हताच. हा कागद कोर्टात चालला की लेख गेला, आणि लेखाबरोबर नेमणूक."

देवीदासांनी खोटा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "त्यानं कोरकूंवर चाळीस पानं लिहिलीत."

"हो. आणि ओट्यावरच्या बाईला ओलांडून आत आला. एक शब्द विचारला असता तर मांडव लिहिला नसता." मी पदर खोचला. "उद्या मी बाळापूरला माहेरी जाते म्हणून सांगा. मधे अकोल्याला उतरेन."

"अकोल्याला कशाला?"

"कागद सोमवारी दुपारी गेला. मंगळ-बुध तो आईकडे. इथे खोलीत दुसरे मास्तर त्याच्याबरोबर राहतात, म्हणजे नक्कल तिथेच झाली."

"त्यानं खरा कागद जाळला असेल तोवर."

"तुम्ही जाळला असता?" मी विचारलं. "सत्तर वर्षांचा, मोहोरेसकट?"

इतिहासाच्या माणसाचा हात कशाला धजतो आणि कशाला नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

७

बडनेऱ्याला गाडी बदलून मी शनिवारी दहाच्या सुमारास अकोल्याला उतरले. गोवर्धनला दुपारपर्यंत तास होते. त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्यांच्या आईचं, गोदाबाई फुलवालीचं नाव घेतल्यावर टांगेवाल्यानं दारात नेऊन सोडलं.

गोदाबाई झेंडूच्या ढिगात बसून हार गुंफत होत्या. मी गोवर्धनच्या मित्राची बायको म्हटल्यावर त्यांनी आधी इंदूला घेतलं.

"काय वो, ह्या पोरीचं तोंड जांभळं काहून?"

"शाई चाटली, काकू."

"हे पाय! माह्या घरातही तेच. मंगळवारी गोवर्धन आला, त दिवसभर लिहीत बसला. माह्या पानाच्या वाटीत शाई कालवली मेल्यानं, अजून डाग निंगत नाई." त्यांनी पितळी वाटी दाखवली. कडेला जांभळं वर्तुळ होतं.

मी वाटी उजेडात धरली. "मोडी लिहीत होते का?"

"व्हय ना. त्याच्या आज्यानंच शिकवली त्याले, चावडीवर मांडीवर घेऊन. लय गोड अक्षर होतं लहानपणी." माउलीच्या तोंडावर अभिमान होता. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मग मी सगळं सांगितलं. सुगराय, तिचा नवरा, जप्त झालेला ओंडका. शाईचं आणि कागदाचंही सांगितलं. फक्त त्यांच्या मुलाचं नाव घेतलं नाही. त्या हार गुंफता गुंफता ऐकत होत्या. एका झेंडूत सुई अडली ती अडलीच.

"म्हंजे त्या बाईचा धनी तीन वर्सांपासून दाराशी उभा हाय?" त्यांनी विचारलं.

"तिच्या समजुतीप्रमाणे, हो."

गोदाबाई उठल्या. कोपऱ्यातली लोखंडी पेटी त्यांनी उघडली. "आज्याचे कागद हायेत. बुधवारी गोवर्धननं आपल्या हातानं काहीतरी ठेवलं यात. मले वाचता येत नाई. तुले जे ओळखू येते ते पाय."

पन्नास-साठ कागद, सगळे मोडी, सगळे पिवळे. झाड लपवायचं तर जंगलात. मी वरचं वजन काढून गठ्ठा मोकळा केला आणि एकेक कागद जमिनीवर ठेवत गेले. सपाट. सपाट. सपाट. चौदावा की पंधरावा ठेवला, आणि तो कडेनं हळूच उचलला गेला, वळला, आणि आपण होऊन गुंडाळून बसला.

मी त्याच्यावर हात ठेवला. त्याच क्षणी दाराशी वहाण वाजली.

"वहिनी?" गोवर्धन उंबऱ्यात उभे होते, तास टाकून पुढच्याच गाडीनं आले असावेत. "तुम्ही इथे?"

त्यांनी पेटी पाहिली, माझ्या हाताखालची गुंडाळी पाहिली, आणि ते आईकडे वळले.

"आई, ह्यांना काही समजलेलं नाही. अभ्यासासाठी म्हणून मी..."

"चूप," गोदाबाई म्हणाल्या. "तुह्या आज्यानं तुले अक्षर यासाठी शिकवलं का रे? मेलेल्याचं लाकूड अडवाले?"

"एका कागदानं माझी दोन वर्षं जातात, आई. माळ्याच्या पोराला नागपुरात कोण बोलावतं? पहिल्यांदा बोलावलंय!"

"जा ना मंग. पण त्या बाईच्या धन्याच्या छातीवर पाय देऊन जाशीन?"

गोवर्धन खाली बसले. बराच वेळ झेंडूच्या पाकळ्या चिमटीत चुरडत राहिले. "जाळायला घेतला होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोनदा काडी ओढली."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"आता काय? पोलिसात देणार?"

मी कागद पदराखाली घेतला. वाटेभर मी ह्याचंच उत्तर शोधत होते. पण ते गोदाबाईंनीच दिलं.

"सोमवारी कचेरीत तू जाशीन," त्या म्हणाल्या, "आन् हा कागद तूच वाचशीन. सगळ्यांसमोर. मीही येतो पाहाले."

८

सोमवारी कचेरीच्या खोलीत पंखा ओढणारा डुलक्या देत होता. साहेब तरुण होता आणि मराठी त्याला कामापुरती येत होती. सरकारी वकिलांनी सुरुवातीलाच गोवर्धनच्या छापून येणाऱ्या लेखाचं हस्तलिखित पुढे केलं. कोरकूंजवळ लेखी हक्क नाही, असं ह्या विषयातले जाणकार म्हणतात, असं त्यांनी ठासून सांगितलं.

रामराव उठले. "जाणकार इथं हजर आहेत, हुजूर. त्यांना मोडी येते, असं मला कालच कळलं. आमचा कागद त्यांनीच वाचावा, अशी आमची विनंती आहे."

कागद आधी सरकारी वकिलांच्या हाती गेला. हा कागद आपल्या फायद्याचाच निघणार असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असावं, कारण ते हसत होते. त्यांनी बोट ओलं करून एका अक्षरावर टेकवलं. बोट पुसून, पुन्हा ओलं करून टेकवलं. मग त्यांचं हसू गेलं आणि कागद त्यांनी पुढे सरकवला.

गोवर्धन पुढे झाले. कागद पसरला, तो गुंडाळला गेला. देवीदासांनी पुढे होऊन दोन्ही कोपरे धरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गोवर्धन वाचू लागले. फसली सन, मौजे, परगणा. मागे बाकावर गोदाबाई पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या. माझ्या मांडीवर इंदू, ओठ अजून किंचित जांभळे. पलीकडे सुगराय, आणि तिचे हलणारे ओठ.

"...सदरहू गावचे लोकांनी दर," गोवर्धन थांबले.

"गो ऑन," साहेब म्हणाला.

"इथे घडी आहे, हुजूर. अक्षर झिजलंय."

"तुमच्या अंदाजाने काय असेल?"

अंदाज त्यांनी एकदा केला होता. गोवर्धननी मान वर केली, आणि मागे वळले. आमच्या ओट्यावर ज्या बाईला ते ओलांडून आत आले होते, तिच्याकडे त्यांनी पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"आजी," ते म्हणाले, "इथं काय हाय?"

सुगराय उठली नाही. ओट्यावर बसायची तशीच बसून होती.

"मुंडा," ती म्हणाली.

"मुंड्यास," गोवर्धननी वाचलं, "एक सागवान तोडावे. कोणी अटकाव करू नये."

साहेबानं ओंडका सोडण्याचा हुकूम लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्यानं रामरावांना शब्दाचं स्पेलिंग विचारलं. रामरावांनी सुगरायकडे पाहिलं, आणि तिनं तो शब्द पुन्हा एकदा, सावकाश म्हटला.